नागपुरात असेंब्लीतला फ्लोट भागाकार शिकवणारा रविवारचा क्लास: पैसे वसूल, फक्त कूलरजवळची खुर्ची पकडा

पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार शिकवण्याचा नाही, नोट्सचा आणि शेवटच्या रविवारचा आहे, त्याबद्दल खाली लिहितोच. क्लासचं नाव टाकत नाही कारण सरांनीच सांगितलं की बाबू नाव नको टाकू, आधीच खुर्च्या पुरत नाहीत. प्रतापनगरकडे एका घराच्या वरच्या मजल्यावर भरतो, इलेक्ट्रॉनिक्सवाल्या कोणत्याही पोट्ट्याला विचारा, तो जिन्यापर्यंत आणून सोडेल.

काय शिकवतात ते आधी नीट सांगतो कारण बरेच जण भलतंच काही डोक्यात घेऊन येतात आणि दुसऱ्या रविवारी गायब होतात. हा मायक्रोकंट्रोलरचा कोर्स नाही, रोबोट बनवायचा नाही, सर्टिफिकेट नाही, प्लेसमेंट तर विचारूच नका. दीड महिना, फक्त रविवारी सकाळी, आणि तेवढ्या वेळात एकच रूटीन लिहायचं: दोन सिंगल प्रिसिजन फ्लोट (३२ बिटांत साठवलेले दशांशवाले आकडे) घ्यायचे, पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, उत्तर शेवटच्या बिटपर्यंत बरोबर आलं पाहिजे, आणि हे सगळं असेंब्लीत, म्हणजे चिपला एकेक इन्स्ट्रक्शन हाताने लिहून देत, लायब्ररीतल्या तयार कोडला हात न लावता. बस्स. फी अडीच हजार. एका भागाकाराचे अडीच हजार म्हटल्यावर घरी काय काय ऐकून घ्यावं लागलं ते सोडा.

माझं कारण सरळ होतं. हिंगण्याला एमआयडीसीत आम्ही वजनकाट्यांचे इंडिकेटर बनवतो, तो लाल आकड्यांचा डबा असतो ना तो. लोडसेलकडून, म्हणजे वजनाच्या सेन्सरकडून, एचएक्स७११ नावाच्या चिपमधून २४ बिटचा आकडा येतो, त्यातून रिकाम्या काट्याचा आकडा वजा करायचा आणि कॅलिब्रेशन फॅक्टरने भागायचं, झालं वजन. आता आमच्या स्वस्तातल्या कॉर्टेक्स-एम झिरो चिपमध्ये फ्लोटचं हार्डवेअर नाही आणि पूर्णांकांच्या भागाकाराची इन्स्ट्रक्शनसुद्धा नाही. सी भाषेत तुम्ही भागिले लिहून मोकळे होता आणि कंपायलर गुपचूप लायब्ररीतलं एक फंक्शन आणून जोडतो, एआरएमवाल्यांच्या (कॉर्टेक्सची रचना त्यांचीच) नियमाप्रमाणे पहिला आकडा आर-० या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या छोट्या कप्प्यात, दुसरा आर-१ मध्ये, उत्तर परत आर-० मध्ये. त्या फंक्शनच्या पोटात काय चालून राहिलं हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, कॉलेजात तर इंटेलच्या जुन्या ८०८६ चिपची डिव्ह, म्हणजे भागाकाराची, इन्स्ट्रक्शन दाखवली आणि धडा संपवला.

सर आधी पॉलिटेक्निकला शिकवायचे, आता रिटायर आहेत. आवाज खणखणीत, अक्षर भयंकर, आणि प्रश्न विचारला की आधी 'काऊन?' (का बरं?) म्हणून उलट तुम्हालाच विचारतात. चिडत मात्र नाहीत. बोर्ड म्हणून रास्पबेरी पाय पिको वापरतात, २०२१ साली चार डॉलरला आलेला तो छोटा हिरवा, त्यात कॉर्टेक्स-एम झिरो प्लस आहे म्हणजे एफपीयू (फ्लोटचं हार्डवेअर) नाही. ज्याच्याकडे नसेल त्याला सर वापरायला देतात, मी सीताबर्डीतून स्वतःचा घेतला. पिकोच्या चिपमध्ये पूर्णांक भागणारं वेगळं हार्डवेअर आहे, आठ सायकलमध्ये, म्हणजे चिपच्या घड्याळाच्या आठ ठोक्यांत, ३२ बिटचा भागाकार देतं, पण त्याला हात लावायचा नाही ही पहिल्याच दिवसाची ताकीद.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडूच दिला नाही. कागद पेन. पुढच्या ओळीतली दोन पोट्टे तोंड वाकडं करून बसली होती पण मला आवडलं. फ्लोटचे ३२ बिट: एक चिन्हाचा, आठ एक्स्पोनंटचे (दोनचा घात), तेवीस फ्रॅक्शनचे, आणि फ्रॅक्शनच्या पुढे एक न लिहिलेला १ मनात धरायचा, म्हणून मँटिसा, म्हणजे आकड्याचे मूळ अंक, खरा २४ बिटचा. एक्स्पोनंटमध्ये १२७ आधीच मिळवून ठेवलेले असतात. ही पद्धत १९८५ च्या आयईईई ७५४ स्टँडर्डची, त्यामागे विल्यम काहान नावाचे गणितज्ञ होते, त्यांना पुढे १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि स्टँडर्ड पक्कं व्हायच्या आधीच १९८० मध्ये इंटेलची ८०८७ चिप साधारण त्याच वळणाने आली होती. हा इतिहास सरांनी पाच मिनिटांत आटोपला आणि फळ्यावर लिहिलं, एक भागिले तीन.

इथे जरा थांबतो कारण हे एक उदाहरण नीट केलं की अर्धा क्लास तिथेच वसूल होतो. चिन्ह: दोन्हींच्या चिन्हांचा एक्सॉर (सारखी असली तर अधिक, वेगळी असली तर उणे), सोपं. एक्स्पोनंट: पहिल्यातून दुसरा वजा करायचा, वजाबाकीत दोन्हींचे १२७ एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून पुन्हा १२७ मिळवायचे. एकचा एक्स्पोनंट १२७, तीनचा १२८, म्हणजे १२७ वजा १२८ अधिक १२७, आले १२६. आता मँटिसा: एकचा आहे १.० आणि तीनचा १.५, वरचा खालच्यापेक्षा लहान, भाग दिला तर उत्तर एकच्या खाली जाईल आणि पुढचा न लिहिलेला १ राहणारच नाही. म्हणून आधीच तुलना करायची, वरचा लहान असला तर त्याला एक घर डावीकडे सरकवायचं आणि एक्स्पोनंटमधून एक काढायचा, झाला १२५. मग शाळेतला लांब भागाकार, फक्त बायनरीत, म्हणजे प्रत्येक पायरीला 'किती वेळा जातो' असा प्रश्नच नाही, जातो किंवा जात नाही. उत्तरात एक शून्य एक शून्य असं शेवटपर्यंत चालत राहतं, चोविसावा बिट शून्य येतो, पंचविसावा एक आणि बाकी अजून शिल्लकच, म्हणून वरच्या बाजूला राऊंड करायचं. हेक्समध्ये (सोळाच्या पायात) मांडलं की तीन, ई, मग पाच वेळा ए आणि शेवटी बी. तो शेवटचा बी कुठून येतो हे मी कित्येकदा डिबगरमध्ये बघितलं असेल पण कधी विचारलं नव्हतं, तो राऊंडिंगचा आहे.

दुसऱ्या रविवारपासून असेंब्ली. आणि इथे मला जे सगळ्यात भारी वाटलं ते सांगतो, कारण पुस्तकात हे मिळतं पण कोणी बोट ठेवून दाखवत नाही. भागाकाराचा लूप पाच इन्स्ट्रक्शनचा आहे. बाकी (सुरुवातीला भाज्यच) आणि भाजक कंपेअर करा. कॅरी (हिशोबानंतर चिप लावते तो एका बिटचा झेंडा) क्लिअर, म्हणजे शून्य, असेल तर पुढची एक ओळ ओलांडून उडी मारा. ती ओळ म्हणजे बाकीतून भाजक वजा करा. मग उत्तराच्या रजिस्टरला स्वतःचंच ॲड विथ कॅरी करा. मग बाकी एक घर डावीकडे. आता गंमत बघा, एआरएममध्ये वजाबाकीत उसनं घ्यावं लागलं नाही तर कॅरी १ होतो. म्हणजे भाजक बसत असेल तर कंपेअरनंतर कॅरी १, वजाबाकी केली तरी १ च राहतो, कारण तिथेही उसनं लागत नाही. बसत नसेल तर कॅरी शून्य आणि उडी मारून आपण थेट बेरजेवर. उत्तर अधिक उत्तर अधिक कॅरी म्हणजे उत्तर एक घर डावीकडे सरकलं आणि उजव्या टोकाला नवा बिट आपोआप चिकटला, भागाकाराचा बिट वेगळा बनवायची गरजच नाही. फळ्यावर हे पाच ओळीत उभं राहिलं तेव्हा मागून कोणीतरी 'अबे' एवढंच म्हणालं, माझ्याही तोंडात तेच होतं.

८०८६ शिकलेल्यांची इथेच पंचाईत होते, कारण इंटेलकडे कॅरी बरोबर उलटा, उसनं घेतलं की १. आमच्या बॅचमधल्या एकाने हाच लूप जसाच्या तसा इंटेलच्या असेंब्लीत लिहिला आणि त्याचं उत्तर सगळं उलट्या बिटांचं आलं, जिथे एक तिथे शून्य. सरांनी त्याला चूक सांगितली नाही, उत्तराकडे बघून हसले आणि म्हणाले हे भैताड उत्तर नाही, हे नीट उत्तर आहे फक्त डोक्यावर उभं आहे, काऊन ते शोध.

सायकलही मोजायला लावतात, आणि हा भाग मला आमच्या कामासाठी फार उपयोगी पडला. एम झिरो प्लसवर घेतलेल्या उडीला दोन सायकल, न घेतलेल्या उडीला एक. म्हणजे वजाबाकी करून गेला तरी पाच सायकल आणि उडी मारून गेला तरी पाचच, दोन्ही रस्ते सारखे. त्यात लूपचा काउंटर आणि परत वर जायची उडी धरली की आठ. चोवीस बिट मँटिसाचे आणि एक राऊंडिंगचा, असे पंचवीस फेरे, साधारण दोनशे सायकल. लूप उलगडून पंचवीस वेळा तोच कोड छापला तर सव्वाशे. फ्लॅशमध्ये (कोड साठवायच्या मेमरीत) जागा आहे की वेळ कमी आहे हे तुमचं तुम्ही ठरवा असं सर म्हणतात, आमच्या काट्यात सेकंदाला दहा रीडिंग येतात त्यामुळे मला लूपच बरा, जागा वाचते.

तिसरा विषय राऊंडिंग, आणि बाहेरच्या कोर्सात हा दोन वाक्यात गुंडाळतात. नियम असा की उत्तर जवळच्या आकड्याकडे न्यायचं आणि बरोबर अर्ध्यावर असलं तर सम आकड्याकडे. सगळ्यांनी मुकाट्याने अर्ध्यावरची केस लिहायला घेतली. सरांनी थांबवलं आणि विचारलं की भागाकारात बरोबर अर्धं कधी येतं ते मला एक उदाहरण काढून दाखवा. दहा मिनिटं खोलीत फक्त कूलरचा आवाज. कोणालाच सापडेना, कारण सापडणारच नाही. उत्तर बरोबर अर्ध्यावर असेल म्हणजे ते २५ बिटांचं आहे आणि शेवटचा बिट १ आहे, म्हणजे विषम. त्याला भाजकाने गुणलं की परत मूळचा भाज्य यायला पाहिजे. भाजकातले दोनचे गुणक बाजूला काढून ठेवा, उरलेला विषम, विषम गुणिले विषम पुन्हा विषमच आणि निदान २५ बिट लांब. पण भाज्य तर २४ बिटांतच बसलेला आहे. जमतच नाही. म्हणून नॉर्मल उत्तरासाठी अर्ध्याची केस लिहायचीच नाही, पंचविसावा बिट १ असला की एक मिळवा, शून्य असला की सोडून द्या. असेंब्लीत उत्तर एक घर उजवीकडे सरकवा, पंचविसावा बिट कॅरीत पडतो, शून्य भरलेलं रजिस्टर ॲड विथ कॅरी करा, राऊंडिंग झालं, दोन ओळी.

मला इथेच पैसे वसूल झाले. कोड कमी झाला म्हणून नाही, तर तो का कमी करता येतो याचं कारण हातात आलं म्हणून.

आणि मग लगेच पुढच्या रविवारी सरांनी तेच कारण आमच्याकडून काढून घेतलं. सबनॉर्मल. एक्स्पोनंट एकच्या खाली गेला की उत्तर फेकून न देता न लिहिलेला १ सोडून द्यायचा आणि मँटिसा उजवीकडे सरकवत न्यायचा, म्हणजे १.१८ गुणिले दहाचा उणे अडतिसावा घात याच्याही खाली हळूहळू बारीक होत जाता येतं, शेवटचा आकडा साधारण १.४ गुणिले दहाचा उणे पंचेचाळिसावा घात. आता बिट कमी उरले म्हणून अर्ध्याची केस परत जिवंत. सगळ्यात छोट्या आकड्याला दोनने भागा, बरोबर अर्धं, सम आकडा शून्य म्हणून उत्तर शून्य. त्याच्या तिप्पट आकड्याला दोनने भागा, दीड येतं, ते दोनवर जातं. त्यामुळे आता बाकी शून्य आहे की नाही हे जपून ठेवावं लागतं आणि सरकवताना बाहेर पडलेले बिटही सांभाळावे लागतात. वर एम झिरोमध्ये पुढचे शून्य मोजणारी इन्स्ट्रक्शन नाही, ती एम थ्रीसारख्या मोठ्या भावंडांत असते, त्यामुळे आत येणारा आकडाच सबनॉर्मल असेल तर एकेक घर सरकवत बसा.

या रविवारबद्दल बॅचमध्ये दोन तट पडले. एमआयडीसीतलेच दुसरे एक भाऊ म्हणाले, वजनकाट्यात, मीटरमध्ये, पंपात एवढा छोटा आकडा कधी येणार आहे, शून्य करून टाका ना सरळ, बऱ्याच चिप तसा मोड देतातच. बोलणं खोटं नाही, मीही आमच्या काट्यात शून्यच करतो. पण शून्य करायचं ठरवून करणं आणि माहीतच नाही म्हणून होणं यात फरक आहे की नाही? मला तरी हा सगळ्यात चांगला दिवस वाटला, पूर्ण सकाळ त्यात गेली तरी.

विशेष केसेस: शून्याने भागलं की अनंत, चिन्हासकट. शून्य भागिले शून्य आणि अनंत भागिले अनंत म्हणजे नॅन, 'हा आकडाच नाही' असं सांगणारी खूण. सरांचा सल्ला असा की नेहमीचा रस्ता कोडमध्ये सरळ खाली जाऊ द्या आणि या सगळ्या भानगडी उडी मारून शेवटी ठेवा, दोन्हींपैकी एखादा एक्स्पोनंट शून्य किंवा २५५ आहे का एवढंच वर बघा. ८०८६ मध्ये शून्याने भागलं की इंटरप्ट येऊन प्रोग्राम बोंब तरी मारतो, फ्लोटमध्ये काम चालूच राहतं. आणि हे आमच्या धंद्यात किती महागात पडू शकतं ते तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं. कॅलिब्रेशन न केलेल्या काट्यात फॅक्टर शून्य असतो, काटा रिकामा, वरही शून्य, उत्तर नॅन. नॅनची कशाशीही तुलना केली की उत्तर 'नाही'. वजन मर्यादेपेक्षा जास्त आहे का? नाही. मर्यादेच्या आत आहे का? तेही नाही. म्हणजे ओव्हरलोडचा बझर वाजणारच नाही आणि डिस्प्लेवर काय दिसेल ते देव जाणे. कळमन्याच्या मार्केटमध्ये संत्र्याच्या लिलावाला असला काटा गेला तर व्यापारी लोक काय करतील ते नागपूरकरांना सांगायला नको.

मधे एक छान वाद झाला तो लिहितोच. मिहानमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेल्या एका ताईंनी विचारलं की सर इतकं कशाला, भाजकाचा व्यस्त (एक भागिले भाजक) एकदा काढून ठेवायचा आणि नंतर गुणायचं, गुणाकार तर एका सायकलमध्ये होतो. सरांनी त्यांनाच सिंगल प्रिसिजनमध्ये एक भागिले एक्केचाळीस काढून परत एक्केचाळीसने गुणायला लावलं. एक यायला पाहिजे, आलं ०.९९९९९९९४. दोनदा राऊंडिंग झालं, एकदा व्यस्त काढताना, एकदा गुणताना, आणि दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या. वजनकाट्याला चालेल, पण मग त्याला भागाकार म्हणू नका असं सरांचं म्हणणं, आणि ताईंनीही ते मान्य केलं, फक्त त्यांच्या कामात त्या गुणाकारच वापरणार हेही तिथेच सांगितलं.

त्यावरून न्यूटन-रॅफसनची पद्धत निघाली. व्यस्ताचा एक अंदाज घ्यायचा आणि त्याला दोन वजा भाजक गुणिले अंदाज याने गुणायचं, प्रत्येक फेऱ्यात चूक स्वतःच्या वर्गाएवढी होते. भाजक अर्धा ते एक यात आणला आणि सुरुवात ४८/१७ वजा ३२/१७ गुणिले भाजक इथून केली तर पहिली चूक जास्तीत जास्त सतरावा भाग, मग दोनशे एकोणनव्वदावा, मग ८३५२१ वा, तिसऱ्या फेऱ्यात सिंगलला पुरून उरते. क्रे-१ सुपरकॉम्प्युटरमध्ये भागाकाराचं युनिटच नव्हतं, व्यस्त काढूनच भागायचे, इंटेलच्या इटेनियम चिपमध्येही सॉफ्टवेअरनेच. ऐकायला एकदम झ्यांगपक वाटतं. पण एम झिरोचा गुणाकार फक्त खालचे ३२ बिट देतो, वरचे पाहिजेत तर चार तुकडे करून गुणा आणि जोडा, आणि एवढं करून शेवटचा बिट बरोबर आहे का हे बघायला बाकी काढावीच लागते. म्हणून या चिपवर साधा लूपच. सरांनी हा निकाल फळ्यावर सायकल मोजून दिला, नुसता सांगितला नाही.

इंटेलच्या पेंटियम चिपची गोष्ट अर्थातच आली, भागाकाराच्या क्लासात ती येणारच. इंटेलने एका पायरीला दोन बिट काढायची पद्धत वापरली, त्यासाठी चिपमध्ये एक टेबल, आणि टेबलात पाच नोंदी राहून गेल्या. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना त्यांच्या हिशोबात ते दिसलं. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ चं उत्तर १.३३३८२ यायला पाहिजे, ती चिप १.३३३७४ द्यायची. इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. आमचा एक बिटवाला लूप बरा म्हणायचा, टेबलच नाही.

आता तक्रारी. नोट्स म्हणजे सरांच्या हातच्या पानांची झेरॉक्स, आणि झेरॉक्सचीही झेरॉक्स असावी असं वाटतं, बी कुठला आणि आठ कुठला कळत नाही, हेक्समध्ये हे चालत नाही हो सर. टाइप करून द्या, नाहीतर आमच्यातलाच कोणी करून देईल.

दुसरी मोठी तक्रार टेस्टिंगची. रूटीन लिहून झालं की सर दहा-बारा उदाहरणं देतात आणि लॅपटॉपच्या उत्तराशी ताडून बघायला सांगतात, तेवढं पुरत नाही. दोन ३२ बिटचे आकडे म्हणजे सगळ्या जोड्या कधीच तपासून होणार नाहीत, त्यामुळे कुठल्या निवडायच्या हीच तर कला आहे. जॉन हाउसर यांचं टेस्टफ्लोट नावाचं फुकटातलं साधन नेटवर पडलेलं आहे, ते अशाच कोपऱ्यातल्या केसेस शोधून मारतं, हे बॅचमधल्या एका थर्ड इयरच्या पोट्ट्याने सांगितलं, सरांनी नाही. त्याने ते लावलं आणि निम्म्या लोकांची सबनॉर्मलची उत्तरं शेवटच्या बिटला पडली. हे क्लासच्या वेळापत्रकात असायलाच पाहिजे.

आणि शेवटचा रविवार वाया. त्या दिवशी लॅपटॉपवर इंटेलची एका ओळीची भागाकाराची इन्स्ट्रक्शन दाखवली, आणि मग गप्पा. गप्पा चांगल्या होत्या, काकूंनी केलेली सांबारवडी त्याहून चांगली होती, पण हा दिवस टेस्टिंगला दिला असता तर मी पाच स्टार दिले असते.

बाकी व्यवस्था: खोलीत एसी नाही, एक मोठा कूलर आहे आणि त्याच्या समोर चारच खुर्च्या येतात. मेमधल्या बॅचला गेलात तर पंधरा मिनिटं लवकर जा, नवतप्यात मागच्या रांगेत बसून एक्स्पोनंट वजा करायचा म्हणजे शिक्षा आहे. दुचाकी गल्लीत लागते, कार नेऊ नका, शेजारचे ओरडतात. मधल्या सुट्टीत कोपऱ्यावर तर्री पोहे मिळतात, झणझणीत आहेत, दुसरी तर्री मागण्याआधी विचार करा कारण परत येऊन फळ्यावर बिट मोजायचे असतात.

कोणी जावं? सी थोडंफार येत असेल आणि बायनरी-हेक्सला घाबरत नसाल तर जा. असेंब्ली आलीच पाहिजे असं नाही, लागतात त्या पंधरा-वीस इन्स्ट्रक्शन तिथेच शिकवतात. परीक्षेचे मार्क पाहिजेत तर जाऊ नका, युनिव्हर्सिटीच्या पेपरात यातलं फारसं काही येत नाही. घाईत असलेल्यांनीही जाऊ नका, एकच प्रश्न तासभर फळ्यावर राहतो.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे आणि त्यात डबल प्रिसिजन घेणार म्हणून राहिले. डबलचा मँटिसा ५३ बिट, म्हणजे बाकीला दोन रजिस्टर, भाजकाला दोन, उत्तराला दोन, काउंटरला एक, आणि एम झिरोमध्ये सहज वापरता येणारे आठच. चिन्ह आणि एक्स्पोनंट मिळून एकात कसे बसवायचे ते सरांनी सांगितलं नाही, 'काऊन, विचार कर ना' एवढंच म्हणाले. मी नाव देऊन ठेवलं आहे.